रिकामी पुंगळी घरी भरावी का?

मका दुधात आला की रामाकोन्याच्या शिवारात झोप उडते. दिवसभर निंदण, फवारणी, जनावरांचे दाणापाणी आणि रात्री धुऱ्यावर जागल. पहाटे दोन-तीनच्या सुमारास डोळा लागतो आणि नेमका तेव्हाच डुकरांचा कळप उतरतो. सकाळी पाहावे तर अर्धा एकर मका आडवा झालेला असतो. खाल्लेला थोडा, तुडवलेलाच जास्त.

गेल्या हंगामात एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आमच्या धर्मग्रामातला एक तरुण शेतकरी मला भेटला. हातात कापडी पिशवी. पिशवीत बारा बोअरच्या रिकाम्या पुंगळ्या, चाळीसेक तरी असतील. म्हणाला, "काकाजी, ह्या फेकून देऊ का भरून घेऊ? काडतूस आता परवडत नाही जी. तिकडे अमेरिकेत लोक घरीच भरतात म्हणे. पुंगळी तर चांगली आहे, नुसती टोपी, दारू आन् छर्रेच तर टाकायचे."

मी त्याला तिथल्या तिथे "भरू नको" एवढेच सांगितले. ते उत्तर पुरेसे नव्हते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. पिशवी घेऊन तो तसाच गेला. म्हणून हा लेख. त्याच्यासारखा विचार करणारे आपल्यात आणखी असतील. प्रश्न त्याने प्रामाणिकपणे विचारला होता, तेव्हा उत्तरही नीट, कारणांसकट द्यायला हवे.

पहिली गोष्ट म्हणजे त्याचे म्हणणे खोटे नाही. पलीकडच्या देशांत, विशेषतः अमेरिकेत, काडतुसे घरी भरणारे पुष्कळ लोक आहेत. शेतकरी आहेत, नेमबाज आहेत. तिथे दुकानात टोप्या वेगळ्या मिळतात, बिनधुराची दारू डब्यातून मिळते, प्लास्टिकचे डाट आणि छर्रे पिशव्यांतून मिळतात. दारू बनवणाऱ्या कंपन्या छापील तक्ते देतात. अमुक पुंगळी, अमुक टोपी, अमुक डाट आणि इतक्या वजनाचे छर्रे असतील तर दारू इतकीच, असा हिशेब त्यांत मांडलेला असतो. त्यातला एक जिन्नस बदलला तर सगळा हिशेब बदलतो. दारू तोलायला बारीक तराजू असतो, पुंगळी दाबायला यंत्र असते. एवढे सगळे असूनही तिथलेच जाणकार सांगतात की साधे, स्वस्त काडतूस घरी भरून फारसे पैसे वाचत नाहीत. बचत होते ती खास प्रकारच्या महाग काडतुसांत. आणि २०२०–२१ मध्ये तिथे टोप्यांचीच टंचाई पडली, तेव्हा घरी भरणारेही हात चोळत बसले होते.

आपल्याकडे यातले काय आहे? तक्ता नाही, तराजू नाही, तोलून मिळणारी दारू नाही. आहे ती फक्त रिकामी पुंगळी. मग माणूस कुठून तरी दारू आणतो. फटाके फोडून, खाणीवरच्या कुणाकडून, जुन्या ठासणीच्या बंदुकीसाठी ठेवलेल्या डब्यातून. इथेच सगळा घात आहे.

काळी दारू वेगळी आणि आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी. काळ्या दारूचे माप आपल्या आजोबांना ठाऊक होते. चिमटीने, टोपणाने मोजून टाकत. तेवढ्याच मापाने बिनधुराची दारू भरली तर नळीत दाब कितीतरी पटींनी वाढतो. फटाक्यातली दारू तर या दोन्हींपेक्षा वेगळी. ती आवाज आणि उजेडासाठी केलेली असते, छर्रे पुढे ढकलण्यासाठी नव्हे. ती कधी मंद जळते, कधी एकदम भडका घेते. मंद जळली तर डाट नळीतच अडकतो आणि हे अंधारात कळत नाही. पुढचा बार त्या अडकलेल्या डाटावर जाऊन आदळतो आणि नळी फुगते, नाही तर फाटते. फाटते ती बहुधा डावा हात असतो तिथेच. शेतकऱ्याची दोन बोटे गेली तर पुढची तीस वर्षे तो वखर कसा धरणार, संत्र्याची कलमे कशी बांधणार, याचा विचार काडतुसाच्या किमतीसमोर ठेवून करावा.

आता बंदुकीबद्दलच दोन शब्द सांगतो. घरोघरी ती असली तरी तिची माहिती फार थोड्यांना असते. "बारा बोअर" म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. काडतुसाची लांबी मात्र एकच नसते. जुन्या बंदुका बहुधा ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी केलेल्या असतात आणि बाजारात ७० मिलिमीटरचेही मिळते. गंमत अशी की ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार झाल्यावर ते तोंड उघडते, पण पुढे त्याला जागा नसते आणि दाब वाढतो. आजोबांच्या वेळची एकनळी वापरणाऱ्यांनी नळीवर कोरलेला आकडा एकदा उजेडात वाचून ठेवावा. विकत आणलेल्या चांगल्या काडतुसातही एवढे भान लागते. मग घरी भरलेल्याची काय कथा!

कायद्याचे सांगायचे तर तो या बाबतीत स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवाना नसताना शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. आपल्याकडे असतो तो बंदूक बाळगण्याचा परवाना. काडतूस तयार करण्याचा परवाना वेगळा असतो आणि तो शेतकऱ्याला मिळत नाही. २०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा या गुन्ह्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी करण्यात आली. हे वाचून कुणी म्हणेल, मका राखणाऱ्या माणसाला आणि कट्टे बनवणाऱ्या गुंडाला एकच माप? मलाही ते खटकते. पण कायद्याच्या पुस्तकात आपले मन लिहिलेले नसते, कृती लिहिलेली असते. घरात दारू, टोप्या आणि दाबयंत्र सापडले तर पंचनामा करणारा हवालदार तुमच्या मक्याची अवस्था विचारणार नाही.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी. ती भरावीच लागते. पीक राखण्यासाठी तिचा परवाना देण्याची सोय कायद्याच्या कलम १३ मध्येच आहे आणि ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते, असेही तिथे म्हटले आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण "शेतकऱ्याला बंदूक मिळतच नाही" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मिळायला वेळ लागतो, खेटे घालावे लागतात, हे खरे. ५ ऑक्टोबर २०२३ पासून सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे, तेव्हा परवान्याच्या कामासाठी छिंदवाड्याला जाण्याचा फेरा निदान कमी व्हावा. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. ती कधी संपते हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. आणि परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्यानेच चालवायची. सालदाराच्या हाती बंदूक देऊन आपण घरी झोपणे हाही गुन्हाच आहे, मग सालदार कितीही विश्वासू असो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. काडतूस महाग झाले म्हणजे नक्की काय झाले?

शिसे महागले, पितळ महागले, प्लास्टिक महागले हे तर आहेच. शिवाय आपल्या देशात बारा बोअरची काडतुसे वर्षानुवर्षे सरकारी कारखान्यातून येत आली. पुण्याजवळ खडकीला १८६९ सालापासूनचा दारूगोळा कारखाना आहे. २०२१ साली सरकारी आयुध निर्माणींची वेगवेगळ्या कंपन्यांत वाटणी झाली आणि तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे गेला. ज्या कारखान्याचे मुख्य गिऱ्हाईक सैन्य, त्याच्या हिशेबात रामाकोन्याचा मका कितीसा येणार? पुरवठा कमी आला की गावापर्यंत येता येता भाव चढतो. कधी माल येतच नाही. हे आपले गाऱ्हाणे रास्त आहे. पीक राखण्याचा परवाना जे सरकार देते त्याने त्या परवान्यापुरती काडतुसे तरी रास्त भावात, पेरणीच्या आधी, जिल्ह्याच्या ठिकाणी उपलब्ध करून द्यावीत. खतासाठी आपण रांगेत उभे राहतो आणि बोंब मारतो. काडतुसासाठी मात्र कुणी तोंड उघडत नाही, कारण बंदुकीचे नाव काढले की लोक वेगळ्याच नजरेने पाहतात. ग्रामसभेत हा ठराव मांडायला काहीच हरकत नाही.

पण माझ्या मते काडतूस खरे महाग झाले ते १९७२ साली. वन्यजीव संरक्षण कायदा आला ते वर्ष. त्याआधी एका बारात एक डुक्कर पडले तर घरात, शेजारी, पाहुण्यांत चार दिवस मांस पुरत असे. काडतुसाचा पैसा तिथेच वसूल होई. कायदा आल्यावर ते बंद झाले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते उभ्या पिकाचे नुकसान करीत असेल तर कलम ११ प्रमाणे वनाधिकाऱ्याची परवानगी घेऊन मारता येते, परवानगीवाचून नाही. केरळात पंचायतीच्या प्रमुखांना हे अधिकार २०२२ मध्ये दिले गेले. महाराष्ट्रानेही २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरांसाठी हुकूम काढला. तरी आपल्यातल्या बहुतेकांच्या हाती अशी परवानगी नसते. म्हणजे आपण बार काढतो तो हवेत. जनावर पळावे म्हणून.

मग पाहा हिशेब. आपल्याला हवा आहे आवाज आणि आपण पैसे मोजतो शिशाचे. जे छर्रे जनावराला लागू द्यायचे नाहीत ते विकत घ्यायचे, आणि ते परवडत नाहीत म्हणून घरी भरायचे. हा उलटा धंदा झाला!

आवाजाचेही सांगतो. पहिल्या आठवड्यात बार झाला की कळप कन्हानकडे पळतो. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या वावरात थांबतो. तिसऱ्या आठवड्यात धुऱ्यावर उभा राहून तुमचा बार संपायची वाट पाहतो. डुकराची नजर अधू असते, पण नाक तीक्ष्ण आणि बुद्धी चांगली. ज्या आवाजामागून काहीच येत नाही तो आवाज त्याला लवकरच कळतो. दर रात्री तीन बार काढणाऱ्याचे दोन महिन्यांत एकशे ऐंशी बार होतात. काडतुसांवर तेवढा खर्च करून शेवटी मका गेलाच, असे सांगणारे मला भेटले आहेत. मी स्वतः एके वर्षी तेच केले. तेव्हा माझा भुईमूगही गेला आणि पैसेही.

आणि अंधारात मक्याच्या फडात काय हलते ते दिसत नाही. डुक्कर असेल, शेजाऱ्याचे वासरू असेल, शेजारी स्वतःही असेल. डुक्कर समजून माणसावर गोळी झाडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत असतात. म्हणून बार काढायचाच तर नळी आकाशाकडे, आणि आधी मोठ्याने हाक.

काडतूस परवडत नाही म्हणून काहींनी त्याहून वाईट वाटा धरल्या आहेत. एक वाट कार्बाइडच्या नळीची. पाइपात कार्बाइड घालून त्यावर पाणी पडले की अॅसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगी दिली की धडाका होतो. माकडे हाकलायला आपल्याकडे हा प्रकार आला आणि तिथून तो मुलांच्या खेळात गेला. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आपल्या राज्यातल्या इतर गावांत शंभरावर जणांच्या, त्यातही बहुतेक मुलांच्या, डोळ्यांना या नळीने इजा झाली. काहींची नजर कायमची गेली. बार झाला नाही म्हणून पोरगे नळीत डोकावते आणि तेवढ्यात धडाका होतो. ज्यांच्या घरी अशी नळी असेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी ती मोडून टाकावी.

दुसरी वाट खांबावरून सरळ तार घेऊन धुऱ्यावर सोडण्याची. यात डुक्कर मरते, वाघ-बिबट्या मरतो, आणि पहाटे पाणी फिरवायला निघालेला आपलाच भाऊ मरतो. तिसरी वाट कणकेच्या गोळ्यात दारू भरून ठेवण्याची. २०२० साली केरळात पलक्कडजवळ फळात भरलेल्या स्फोटकाने एक गाभण हत्तीण मेली, तेव्हा साऱ्या देशात हळहळ झाली. आपल्याकडे अशा गोळ्यांनी गाईंचे जबडे फाटतात, त्याची बातमीही होत नाही.

आता आरोग्याची एक बाब, जी बंदूकवाल्यांनाही बहुधा ठाऊक नसते. काडतूस घरी भरणारा छर्रेही घरीच पाडायला जातो. जुन्या बॅटरीतले शिसे चुलीवर वितळवतात. शिसे ३२७ अंशांना वितळते, एवढी आच आपल्या चुलीला सहज येते. वितळताना उठणारी वाफ आणि धूळ, बॅटरीच्या पत्र्यांवरची पांढरी भुकटी, हे सगळे विष आहे. ते त्याच घरात पसरते जिथे भाकरी भाजली जाते आणि जिथे रांगते मूल जमिनीवरचे उचलून तोंडात घालते. मुलाच्या रक्तात किती शिसे चालेल, याला जागतिक आरोग्य संघटनेचे उत्तर असे की सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही. त्याने ताप येत नाही, पुरळ येत नाही. मूल हळूहळू मंद होते, पोट दुखते, रक्त कमी होते, शाळेत लक्ष लागत नाही. आईबाप समजतात की पोरगं जरा ढिलं आहे. गरोदर बाईने तर अशा जागी थांबूच नये. ज्यांनी पूर्वी हा उद्योग घरात केला असेल त्यांनी ती जागा झाडू नये, झाडल्याने धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसावी, आणि लहान मूल घरात असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट न लाजता सांगावी, म्हणजे ते रक्ताची तपासणी करवून घेतील.

बाहेर पडलेले छर्रेही जातात कुठे? मातीतच राहतात. पाखरे ते खडे समजून गिळतात आणि मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी. आपल्या वावरातले विहिरीचे पाणी आपणच पितो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

मग करावे काय, असे तो तरुण विचारेलच. रामबाण उपाय माझ्याकडे नाही. असता तर माझा भुईमूग गेला नसता.

जे चालताना पाहिले ते सांगतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण उपाय म्हणजे पाळीने जागल. कठीण अशासाठी की शेजाऱ्याशी बोलावे लागते! धुऱ्याला धुरा लागून असलेल्या पाच-सहा घरांनी मिळून दोन मचाणे बांधली, रोज दोघांनी जागायचे ठरवले, तर प्रत्येकाला आठवड्यात चार-पाच रात्री झोप मिळते. हातात टॉर्च, पत्र्याचा डबा, डफडे. आवाज रोज वेगळा आणि रोज वेगळ्या कोपऱ्यातून. आवाजामागोमाग माणूसही येतो हे कळपाला कळले पाहिजे. गोफणीला पांढुर्ण्याच्या गोटमारीने फार बदनाम केले, पण वावरात तिच्यासारखे हत्यार नाही. दगड फुकट, आणि भरायला टोपी लागत नाही. बंदूक या सगळ्यांच्या शेवटी. अशा रीतीने हंगामाला दहा-बारा काडतुसे पुरतात, आणि दहा-बारा विकतची काडतुसे कुणालाही परवडतात.

दुसरे, सौर कुंपण. यातली वीज थेट खांबावरची नसते. बॅटरीवरचे यंत्र तारेत सेकंदाला साधारण एक असा अगदी क्षणभराचा झटका सोडते. झटका जोराचा बसतो, जनावर उडी मारून मागे फिरते, पण मरत नाही. खांबावरच्या तारेत प्रवाह अखंड असतो आणि तो माणसाला सोडत नाही. दोन्ही तारा दिसायला सारख्या, म्हणून यंत्र घेताना ओळखीच्या मेकॅनिकने बनवून दिलेले घेऊ नये, मानक छाप असलेलेच घ्यावे. सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी. डुक्कर खालून नाक घालते, वरून उडी मारत नाही. आणि तारेखालचे गवत कापत राहावे, ओले गवत टेकले की झटका जमिनीत जातो. एकट्याला कुंपण महाग पडते. सहा जणांच्या सलग शिवाराला एकच कुंपण घातले तर प्रत्येकाचा वाटा फार कमी होतो.

तिसरे, पेरणीतच थोडी अक्कल. हैदराबादच्या कृषी संशोधकांनी मक्याभोवती एरंडाच्या आणि भुईमुगाभोवती करडईच्या चार-चार ओळी लावून पाहिल्या आहेत. एरंडाचा वास आणि करडईचे काटे डुकराला आवडत नाहीत. करडई आपल्याकडे रब्बीची, तेव्हा ती उन्हाळी किंवा रब्बी पिकालाच कामाची. एरंड मात्र खरिपात चालतो. जुन्या साड्यांचे कुंपण पंधरा दिवस चालते, मग डुक्कर त्यातूनच वाट काढते. ते सुरुवातीला लावू नये, कणीस भरायला लागल्यावर लावावे. आणि एक कटू गोष्टही सांगून टाकतो. छिंदवाड्याच्या या सगळ्या पट्ट्यात आपण मका इतका वाढवला की डुकराला लपायला जंगलच उरले नाही असे म्हणता येत नाही. आपणच त्याला चार महिन्यांचे जंगल पेरून देतो. नदीकाठचे पहिले दोन तास तरी कपाशीला द्यावेत असे माझे मत आहे. पुष्कळांना ते पटत नाही.

नुकसान झालेच तर गप्प बसू नये. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकहानीला आपल्या राज्यात राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४ प्रमाणे मदत मिळते. सकाळी, पाऊलखुणा ताज्या असताना, फोटो काढावेत, पटवाऱ्याला कळवावे, तहसीलमध्ये लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले नुकसान कागदावर येत नाही. पीकविम्याबाबत केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून जंगली जनावरांचे नुकसानही विम्यात घेता येईल. मात्र कोणती जनावरे आणि कोणता भाग हे राज्याने ठरवायचे आहे, आणि नुकसान ७२ तासांच्या आत पीकविम्याच्या अॅपवर फोटोसह कळवायचे आहे. ज्यांना मोबाइलवर ते जमत नाही त्यांनी घरातल्या शिकलेल्या पोरीला हाक मारावी. विमा भरतानाच आपला भाग त्यात आला आहे का, हे विचारून घ्यावे.

राहता राहिली ती पिशवीतली चाळीस पुंगळ्यांची गोष्ट. त्या मुलांच्या हाती खेळायला देऊ नयेत. ज्या दुकानातून काडतुसे घेतो तिथे विचारून परत द्याव्यात. काही राज्यांत रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब दिल्याशिवाय नवी काडतुसेच मिळत नाहीत, तेव्हा हिशेब ठेवलेला बरा. आणि कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत जुनी, कागदी पुंगळीची, फुगलेली किंवा हिरवट पडलेली न उडवलेली काडतुसे असतील तर ती उडवून पाहू नयेत, फोडून दारू काढू नये, चुलीत किंवा उकिरड्यात तर मुळीच टाकू नयेत. परवाना आणि काडतुसे बरोबर घेऊन परवानाधारकानेच पोलीस ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करावीत आणि पावती घ्यावी. माझ्याकडे अशी सात निघाली. मागच्या महिन्यात मी ती देऊन आलो.